परत सांग

१२ जानेवारी

ती. ताईस,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून छातीत धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगून टाकते : कोणी गेलेलं नाही. जायला आता आपल्यात उरलंय तरी कोण? तू आणि मी.

तुझा नवा पत्ता मावशीच्या मोठीकडून मिळाला. बाजारात भेटली आणि भर रस्त्यात पिशव्या खाली ठेवून बोलत सुटली. त्यातून एवढं कळलं की भावोजी गेल्यावर तू मोठं घर सोडलंस, आता दोन खोल्यांत एकटीच असतेस आणि तुझा गुडघा दुखतो. गुडघा म्हणाली की घसा, ते आता आठवत नाही. जे काही दुखत असेल त्याची काळजी घे. भावोजी गेले तेव्हा मी दोन ओळी पाठवल्या होत्या, त्या मिळाल्या असतील.

फोन का नाही केलास, असं म्हणशील. माझा फोन जरा बिघडलाय. समोरचा आवाज नीट येत नाही. दुरुस्तीला टाकायचाय, पण मुहूर्त लागत नाही.

बाकी मी होते तिथेच आहे, कोर्टात, न्यायाधीशांच्या डाव्या हाताला. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश त्याचं वाक्य सरळ करून मला सांगतात, मी टाईप करते. आमच्या जुन्या मॅडम निवृत्त झाल्या. त्यांचा आवाज असा होता की त्या बोलायला लागल्या की खिडकीतली कबुतरं उडायची. नवे साहेब मिशीत बोलतात. माणूस सज्जन आहे, पण निम्मं वाक्य मिशीतच राहतं. मी अंदाजाने सांधून घेते. इतकी वर्षं हेच काम केल्यावर पुढचा शब्द काय येणार हे आधीच कळतं.

डबा हल्ली मी जागेवरच खाते. कँटीनमध्ये सगळ्याजणी एकदम हसतात, आणि का हसल्या ते विचारेपर्यंत दुसरा विषय निघालेला असतो. जागेवर निवांत वाटतं.

आपण शेवटचं बोललो ते आई गेली तेव्हा. ते बोलणं मी इथे काढत नाही. तूही काढू नकोस. उत्तर पाठवलंस तर बरं वाटेल. नाही पाठवलंस तरी समजेन.

तुझी धाकटी बहीण


३ फेब्रुवारी

ती. ताईस,

टपालात गोंधळ झाला असेल असं धरून पुन्हा लिहितेय.

परवा आमच्याकडे एक म्हातारा साक्षीला आला होता. जन्मभर सुतारकाम केलेला, बोटं अशी की झाडाची मुळं. त्याचा मुलगा आणि मुलगी भांडतायत, बाप कोणाकडे राहणार यावरून. मुलाला घर हवंय आणि घर बापाच्या नावावर आहे, असं मुलीचं म्हणणं. ती बापाला फूस लावते, असं मुलाचं. शेवटी साहेब म्हणाले, ज्याच्यावरून हे चाललंय त्यालाच विचारू. म्हाताऱ्याने पिंजऱ्याचा कठडा धरून सांगितलं, मला मुलाकडे राहायचंय. तसं मी टाईप केलं, त्याला वाचून दाखवलं, त्याने मान डोलावली, अंगठा दिला. मुलगा त्याच संध्याकाळी त्याला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मुलगी व्हरांड्यात आरडाओरडा करत होती. बाप मुलीकडे म्हणाला होता म्हणे, तिने आपल्या कानांनी ऐकलं. शिपायाने तिला समजावून बाहेर नेलं. हे आमच्याकडे रोजचंच. माणसं कोर्टात एक बोलतात आणि पायऱ्या उतरेपर्यंत फिरतात.

हे तुला का लिहितेय, कोण जाणे. दुसरं काही सांगण्यासारखं घडत नाही, म्हणून असेल.

तुझी धाकटी


११ फेब्रुवारी

ताई,

मी मागे दोनदा खोटं लिहिलं. माझा फोन बिघडलेला नाही. आणि तो म्हाताराही फिरला नव्हता.

त्या दिवशी काय झालं ते नीट सांगते. म्हाताऱ्याच्या तोंडात दात नाहीत, आवाज खोल विहिरीतून यावा तसा. तो काय बोलला ते मला कळलंच नाही. साहेबांनी ते मला सांगितलं, तेव्हा ते फाईलमध्ये बघत होते, त्यामुळे ओठ दिसले नाहीत. मला ऐकू आलं ते एवढंच : ‘मु’ आणि ‘कडे’. मधला भाग मी घातला. घर मुलाचं, म्हातारे बाप मुलाकडेच राहतात, म्हणून बोटांनी आपोआप काना दिला. वेलांटी द्यायची होती तिथे काना. कानाने काना दिला, असं म्हण. हसू येतंय ना? मलाही आलं असतं.

पण मला झोंबलं ते वेगळंच. मी त्याला जबाब वाचून दाखवत होते, तेव्हा तो माझ्याकडे बघून मान डोलवत होता. भुवया थोड्या वर, ओठांवर जरासं हसू, आणि वाक्य संपलं की मान. ती मान मी ओळखते, ताई. ती माझी मान आहे. कळलं नसताना, समोरच्याला त्रास नको म्हणून, वेड्यात निघायला नको म्हणून हलवलेली. त्यालाही ऐकू येत नव्हतं. एका बहिऱ्याचा जबाब दुसऱ्या बहिरीने घेतला, आणि खाली अंगठा उमटला.

हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. कळलं ते मुलगी व्हरांड्यात ओरडली तेव्हा. ती ओरडत होती म्हणून तिचा शब्द न् शब्द मला ऐकू आला. “मुलीकडे म्हणाले बाबा! मुलीकडे! तुम्हाला काय, तुम्ही जेवायला जाल. ते भावाच्या दाराशी पिशवी मांडीवर घेऊन बसलेत!”

तरी मी काही दिवस गप्प होते. मग जेवण जाईना, तेव्हा साहेबांच्या खोलीत गेले.

“साहेब, त्या सुताराच्या जबाबात चूक आहे.”

“कोणाची?”

“माझी. ते मुलीकडे म्हणाले असतील. मी मुलाकडे घेतलं.”

“असतील म्हणजे?”

“मला ऐकू आलं नव्हतं.”

ते काहीतरी बोलले. मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा काढला, टेबलावरून पुढे वाकले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “मी विचारलं, कधीपासून?”

काय सांगणार? मॅडम होत्या तेव्हापासून. त्याच्याही आधीपासून. केस कानावर घ्यायला लागले तेव्हापासून.

ते रागावले नाहीत. म्हणाले, “सही माझीही आहे त्याच्यावर. मीही वाचून बघायला हवं होतं.” म्हाताऱ्याला पुन्हा बोलावलं. या वेळी शिपाई त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, कोणाकडे राहायचंय? म्हातारा एवढा चिडला! “मुलीकडे! केव्हाचा सांगतोय, कोणी ऐकतच नाही!” सगळं कोर्ट हसलं. मुलगी रडली. जाताना ती माझ्या टेबलापाशी थांबली. शिव्या देईल म्हणून मी अंग चोरून बसले, तर म्हणाली, “तुम्ही सांगितलंत म्हणून झालं.” हे मला नीट ऐकू आलं, कसं ते माहीत नाही.

आता मी साहेबांच्या शेजारी बसत नाही. कान तपासून दाखला आणेपर्यंत मला जुन्या फायलींच्या खोलीत पाठवलंय. तिथे माझ्याशी बोलायला कोणी नाही, त्यामुळे ऐकू न यायचाही प्रश्न नाही.

तुझी धाकटी


२७ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र तू वाचायला हवंस. आधीची फाडून टाकली असलीस तरी चालेल, पण हे वाच.

कान तपासून घेतले. एका छोट्या खोलीत बसवतात, दार इतकं जाड की फ्रिजमध्ये बसल्यासारखं वाटतं. कानावर टोप्या, हातात बटण. बारीक आवाज आला की दाबायचं. मी दाबत सुटले. तपासणारी मुलगी दार उघडून म्हणाली, “काकू, ऐकू आलं तरच दाबा. वाटलं म्हणून नका दाबू.” मला शरमल्यासारखं झालं. गेली कित्येक वर्षं मी ‘वाटलं म्हणून’ वरच काढलीत.

मग डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. कानाच्या आत तीन हाडं असतात, एकमेकांना टेकून. त्यातलं सगळ्यात धाकटं घोड्याच्या रिकिबीसारखं दिसतं, तांदळाच्या कणीएवढं. ते हलतं म्हणून आवाज आत जातो. माझं ते हाड जागच्या जागी जखडत चाललंय, दोन्ही कानांत.

“बऱ्याचदा हे घराण्यात असतं,” ते म्हणाले. “आई? मावशी? बहीण?”

“छे. आमच्याकडे सगळ्यांचे कान तिखट.”

“तुम्ही नेहमी एवढ्या हळू बोलता?”

“आईचं वळण आहे.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, या दुखण्यात माणसाला स्वतःचा आवाज आतून मोठा वाटतो, म्हणून तो हळू बोलायला लागतो. बहिरी माणसं ओरडून बोलतात असा लोकांचा समज असतो, त्यामुळे या माणसांवर कोणाचा संशय जात नाही. आणि एक गंमत म्हणजे यांना गोंगाटात बरं ऐकू येतं, कारण गोंगाटात समोरचा मोठ्याने बोलतो.

मी आभार मानले आणि बसमध्ये बसले. जुनी खडखडणारी बस. मागच्या बाकावर दोघीजणी पडद्यांच्या कापडावरून वाद घालत होत्या, इंजिनाच्या वरताण आवाज काढून. निळं की करडं, सगळं मला ऐकू येत होतं. आणि मला आई दिसली.

आपली आई, घरात मुकी आणि बसमध्ये बडबडी. आठवतंय? घरी विचारलं तर हूं की चूं नाही, आणि बसमध्ये चढली की शेजारणीशी, कंडक्टरशी, कोणाशीही. वडील म्हणायचे, हिला घरापेक्षा बस प्रिय. सगळे तिचं कौतुक करायचे, हिचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही. आणि बोलताना ती तोंडाकडे टक लावून बघायची. मी म्हणायचे, काय बघतेस गं, दाताला काही लागलंय का माझ्या?

मी दोन थांबे पुढे गेले, तरी उठले नाही.

जे काढायचं नाही म्हटलं होतं, ते आता काढते. आई गेली त्या दिवशी तू मला सांगितलंस, लग्नानंतर पहिल्यांदा घरी आलीस तेव्हा ती खिडकीशी उभी राहून कपड्यांच्या घड्या घालत होती. तू तिच्या मागे उभी राहून म्हणालीस, आई, मला परत तिकडे पाठवू नकोस. तिने वळूनही बघितलं नाही. सदऱ्याची घडी घातली, तो ठेवला, दुसरा घेतला. तू म्हणालीस, दगड होती ती, दगड. आणि मी म्हणाले, मग दगड बघायला आलीस कशाला? तू पायात चपला घातल्यास आणि गेलीस.

ताई, तिला ऐकू आलं नसेल गं. पाठ होती तिची. तू हळू बोलली असशील, असलं कोणी ओरडून बोलतं का? तिला ऐकूच आलं नाही. तू एवढी वर्षं जो नकार उराशी धरून बसलीयस, तो तिने दिलाच नव्हता.

हे सांगायला धावत यावंसं वाटलं. पण तू दार उघडशील की नाही, कोणास ठाऊक.

आणि तूही कान तपासून घे. हे बहिणींत असतं. हयगय करू नकोस.

तुझी


२० मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. मी रोज पेटी बघते आणि बघितलीच नाही असं दाखवते. कोणाला दाखवते ते विचारू नकोस.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, ऑपरेशन. ते जखडलेलं हाड काढून तिथे बारीक तुकडा बसवतात. बहुतेकांना चांगला गुण येतो, क्वचित एखाद्याचा तो कान कायमचा जातो. दुसरी, कानामागे लावायचं यंत्र. ते हाड सोडवत नाही, आवाज मोठा करून देतं. घाई नाही, विचार करा, म्हणाले. मी ऑपरेशनचं विचारायला गेले, तर नर्सने पहिलाच प्रश्न केला, “सोबत कोण राहणार?” मी म्हणाले, “बघते.” आणि यंत्राच्या खोलीत गेले. यंत्राला सोबत लागत नाही.

ऑपरेशनची भीती वाटत नव्हती असं नाही. पण निर्णय कशावर झाला ते तुला खरं सांगायचं ठरवलंय, म्हणून सांगितलं.

यंत्र दिसायला शेंगदाण्याएवढं, राखी रंगाचं. ते लावून रस्त्यावर आले आणि कोणीतरी मागे लागलंय असं वाटलं. वळून बघितलं. माझ्याच चपला होत्या. पिशवीचा कागद असा कडकडला की मी पिशवी सोडली. आपण जेवताना एवढा आवाज करतो? नळ, चावी, कुर्त्याची बाही टेबलावर घासते ती, सगळं कानाशी येऊन भांडतं. ती तपासणारी मुलगी म्हणाली, डोक्याला सवय नाहीये, रोज थोडं थोडं लावा, आवडत नाही म्हणून खणात टाकू नका. सगळे खणात टाकतात.

पहिल्या दिवशी घरी आले, दार लावलं, खुर्चीत बसले. म्हटलं, आता ऐकू या. फ्रिज थोडा वेळ गुरगुरला आणि थांबला. मग काहीच नाही. मी यंत्राचा आवाज वाढवला. तरी काही नाही. इतके दिवस मला वाटायचं, माझ्या घरातही आवाज असतील, मलाच येत नसतील.

त्यानंतर मी ते खणात टाकलं.

तुझी धाकटी


१४ एप्रिल

ताई,

खणातून काढलं. साहेबांनी निरोप पाठवला की जागा अजून रिकामी आहे, तयारी असेल तर या. फायलींच्या खोलीतली धूळ खाऊन तसाही कंटाळा आला होता.

पहिल्या दिवशी धीर करून कँटीनमध्ये गेले. इतक्या दिवसांत मनाने एवढं रचलं होतं की त्या माझ्यावरच हसत असणार. तर त्या दिवशीचा विषय होता चपलांचे नंबर. एकीचा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे, आणि त्यावर सगळ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. बाई गं, यासाठी मी इतके महिने टेबलावर एकटीने डबा खाल्ला! एकीने माझ्या कानाकडे बघितलं आणि विचारलं, “दुखतं का?” मी म्हणाले, “नाही, पण तुम्ही सगळ्या एकदम बोललात की डोक्यात भांडी पडतात.” दुसऱ्या मिनिटाला त्या पुन्हा एकदम बोलायला लागल्या. मला अर्धंच कळलं. पण हसताना मी त्यांच्याबरोबर हसले, नंतर नाही.

दुपारी एका बाईचा जबाब होता. साहेब बोलले आणि वाक्याचं शेपूट मिशीत गेलं. पूर्वीची मी असते तर सांधून मोकळी झाले असते. हात थांबले. भरल्या कोर्टात, वकील बघतायत, आणि मी म्हणाले, “साहेब, ऐकू आलं नाही. परत सांगा.” कान तापले, यंत्रासकट. साहेबांनी मान वर केली आणि परत सांगितलं. मी टाईप केलं. पुढचा प्रश्न झाला. बस, एवढंच. आभाळ कोसळलं नाही.

तुला असं काही कोणापाशी तरी सांगावंसं वाटलं तर सांगायला तिथे कोणी आहे का? माझ्याकडे तूच आहेस, आणि तू वाचतेस की नाही तेही माहीत नाही.

तुझी धाकटी


५ मे

ताई,

काल तुझा फोन आला.

तू हॅलो म्हणालीस आणि मी ओळखलं नाही. मला आठवतो तो तुझा तरुणपणीचा आवाज. हा कोणा वयस्क बाईचा होता. मग तू म्हणालीस, “अगं मी,” तेव्हा मी फोन कानाशी दाबला आणि यंत्र शिट्टी मारायला लागलं. तू विचारलंस, “कुकर लावलायस का?” इतक्या वर्षांनी आपलं पहिलं बोलणं हे झालं.

फोनवर मला अजून अर्धंच कळतं. म्हणून जे कळलं ते लिहून काढते. चुकलं असेल तर सांग.

तू म्हणालीस, “तुझी सगळी पत्रं मिळाली. आईला ऐकू येत नव्हतं, हे मला माहीत होतं.”

मी म्हणाले, “ऐकू आलं नाही, परत सांग.” खरं तर आलं होतं. पण वाटलं, चुकून तसं ऐकलं असेन.

तू परत सांगितलंस. शाळेत जायला लागलीस तेव्हापासून तुला माहीत होतं. दुकानदार बोलला की आई तुझ्याकडे बघायची आणि तू आवाज न काढता नुसते ओठ हलवून तिला सांगायचीस. वडिलांना कळू द्यायचं नाही, असं तिने तुला बजावलं होतं. कळलं असतं तर ते म्हणाले असते, बहिरी गळ्यात बांधली. तुम्हा दोघींचं ते ठरलेलं होतं. मला कोणी सांगितलं नाही. मी लहान होते, बडबडी होते, फोडलं असतं.

“मग तिच्या मागे उभी राहून का बोललीस?” मी विचारलं.

तू म्हणालीस, “समोर उभं राहून बोलले असते तर तिला कळलं असतं. आणि कळून ती ‘जा’ म्हणाली असती तर? मागून बोलले. बोलायचं ते बोलूनही झालं, आणि उत्तर ऐकायची पाळी आली नाही.”

“मग तिला दगड का म्हणालीस?”

मी फोन डाव्या कानावरून उजव्यावर घेतला. तुझ्याकडे कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मग तू म्हणालीस, “तिने वळून बघायला हवं होतं गं. कारण नसताना. आया बघतात.”

ताई, मी तुला औषध म्हणून जे सांगायला निघाले होते, ते तुझ्याकडे आधीपासून होतं आणि त्याने काही बरं झालं नव्हतं. पत्र टाकलं त्या दिवशी मी किती खुशीत होते! मोठा शोध लावला होता ना. फोनवर मला ते सुचलं नाही, म्हणून आता लिहिते : तू एवढीशी असताना तिचे कान झालीस, आणि तुझं ऐकायला मात्र कोणी नव्हतं. मीही नव्हते.

मग तू विचारलंस, “एवढी वर्षं तू तिच्याजवळ होतीस. तुला कसं कळलं नाही?” हा प्रश्न मला अगदी लख्ख ऐकू आला. मला वाटत होतं ती माझ्याशी बोलत नाही. तिला वाटत असेल मी तिच्याशी बोलत नाही. आम्ही दोघी त्या घरात रोज एकमेकींना ताट वाढत होतो.

यानंतर तू आणखी काहीतरी बोललीस. शेवटी तुझा आवाज खाली गेला. मी म्हणाले, परत सांग. तू परत सांगितलंस, मला कळलं नाही. मी पुन्हा म्हणाले. आणि तू म्हणालीस, “जाऊ दे.” आणि फोन ठेवला.

जाऊ दे म्हणू नकोस, ताई. माणसं माझ्याशी जे जे बोलतात त्यातलं सगळ्यात स्पष्ट मला हेच ऐकू येतं. दोनदा सांगून झालं की सगळेजण म्हणतात, जाऊ दे, विशेष काही नव्हतं. आईलाही म्हणत असू आपण. काय काय जाऊ दिलं असेल तिने, त्याचा हिशोब नाही.

काल रात्री मी ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात वाजवून बघितलं. त्यात ‘ये’ होतं असं मला वाटतं. ‘ये’ होतं की ‘नको येऊस’ होतं की वेगळंच काही, ते मला कळलेलं नाही. या खेपेला मी मधला भाग आपल्या मनाने घालणार नाही.

ते लिहूनही पाठवू नकोस. मी रजा टाकलीय. शनिवारी सकाळच्या गाडीने निघतेय, दुपारपर्यंत तुझ्या दाराशी असेन. उजेडाकडे तोंड करून बस, म्हणजे मला ओठ दिसतील. आणि जे म्हणाली होतीस ते परत सांग. जा म्हणाली असशील तर तसं सांग. पण समोरून सांग.

तुझी
धाकटी